तेहतीस वाट्या

१२ जून २००४, शनिवार

स्वागत समितीच्या अध्यक्षपदी माझी निवड एकमताने झाली. एकमत अशासाठी, की मतदानाच्या वेळी बाकीचे एगरोल खायला उठले होते. लाओस सोडून थायलंडमध्ये एका देवळाच्या आवारात इतकी वर्षं पत्र्याखाली काढलेले आपले मोंग लोक आता इकडे अमेरिकेत येणार. सेंट पॉललाच चार-पाच हजार. त्यांचं स्वागत कसं करायचं हे आधी इथल्यांना शिकवायचं, असं काम आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपणही असेच उतरलो होतो, हे इथले लोक विसरलेत. मी विसरलेले नाही, फक्त आठवत बसत नाही.

सरकारी कचेरीकडून ग्रेग लुंडीन नावाचा माणूस दिला आहे. त्याला आपल्या मोंग भाषेतले तीन शब्द येतात आणि दर वाक्यात तो तिन्ही वापरतो. त्याची योजना साधी होती: खांग आडनावाचे आले की खांगांकडे पाठवायचे, थाव आले की थावांकडे. मी त्याला समजावलं. आडनाव एक असलं तरी कुळाचार एक असतोच असं नाही. बैलाच्या पूजेला पितरांपुढे मांसाच्या किती वाट्या मांडता, त्यावर सगळं. कुणी नऊ मांडतात, कुणी तेहतीस. वाट्या जुळल्या तर कधी तोंड न पाहिलेला माणूसही सख्खा भाऊ. तो तुमच्या घरात मरू शकतो, तुम्ही त्याच्या. नाही जुळल्या, तर जिवाभावाच्या दोस्तालाही घरात मरू देता येत नाही. त्याचे पितर आणि तुमचे घरदेव भांडतात, आणि किंमत तुमची पोरं मोजतात.

ग्रेगने विचारलं, मग इथे लोक मरतात कुठे? मी म्हटलं, हल्ली रुग्णालयात. तिथे सगळ्यांचेच देव सारखे गैरहजर असतात.

त्याने हे लिहून घेतलं. फॉर्मवर 'वाट्या किती' हा रकाना मी घालायला लावला. पंचवीस वर्षांत कुणाला सुचला नव्हता.

२७ जून, रविवार

यजमान कुटुंबांचं शिबिर. पन्नास जण आले. त्यातल्या निम्म्यांना काळजी, की नवे लोक आपली नोकरी घेतील, आणि निम्म्यांना, की नवे लोक कधीच नोकरी करणार नाहीत. मी सांगितलं, हसू नका, नाक दाबू नका, आणि पहिल्या दिवशी टीव्ही दाखवू नका, नंतर माणूस उठत नाही. १९८० साली चर्चच्या मिसेस हालवर्सन यांनी संडास कसा वापरायचा हे मला चार जणांसमोर शिकवलं होतं, बसून दाखवून. तो अपमान मी कधी विसरले नाही. म्हणून आपल्या वर्गात तो धडा मी स्वतः घेणार आहे.

लू चोंगने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, यजमानांच्या यादीत आमचंही नाव घालायचा हट्ट धरला. चार खोल्या आहेत म्हणाला. खोल्या आहेत, पण नोव्हेंबरात शूआच्या, म्हणजे आमच्या लेकीच्या, लग्नाची बोलणी याच घरात व्हायची आहेत. मुलाकडचे पिढीजात नाक वर करून चालणारे. नाव राखीव यादीत घातलं. त्याला तोंडावर 'अहो' म्हणते, इथे एकेरी लिहिते. वही माझी आहे.

२९ जुलै, गुरुवार

विमानतळ. आज सहा कुटुंबं. प्रत्येकाच्या छातीशी कागदपत्रांची पांढरी प्लास्टिकची पिशवी, जणू आत बाळ आहे.

चौथं कुटुंब खांग. म्हातारा झा तेंग, त्याची विधवा सून पा कू, आणि तिच्या दोन मुली. म्हातारा उंच, ताठ, डोळे हळदीसारखे पिवळे. पिशवीतल्या फिल्मवर डॉक्टरने यकृताची गाठ लाल पेनने गोल करून दाखवली होती. पा कू म्हणाली, सहा महिने सांगितलेत, त्यातले तीन कागदपत्रांत गेले.

मी रकाने भरत आले. वाट्या किती, काका?

"तेहतीस," तो म्हणाला. गावाचं नाव सांगावं तसं. मग विचारलं, "आणि तुमचं घर कुठलं, बाई?"

मी म्हटलं, फॉर्मवर प्रश्न एकाच बाजूने असतात.

या शहरात तेहतीस वाट्यांचे खांग एकच घर आहे, आणि त्याला पांढरा गालिचा मी स्वतः पसंत करून घातलेला आहे. घरात मयत झालं की कित्येक महिने त्या भिंतीला मध्यस्थाची काळी छत्री लागत नाही, आणि छत्री लागल्याशिवाय लग्नाचं बोलणं होत नाही. शूआ तिशीला टेकली आहे. शिवाय डोळे इतके पिवळे झालेल्या माणसाला आकडे नीट आठवत नाहीत, असं मी कुठेतरी वाचलं आहे. मी नऊ लिहिलं.

नऊवाल्यांत चेर पाव खांग होताच. टर्की कोंबड्यांच्या कारखान्यात पिसं उपटतो, दोन खोल्या, बायको सोडून गेलेली, सहा आठवडे माझ्या मागे लागला होता की मला एक कुटुंब द्या. तो जुलैच्या उन्हात थंडीचे चार कोट घेऊन विमानतळावर उभा होता. दोन लहान, एक बायकी, एक उंच माणसाचा. उंची कशी कळली विचारलं तर म्हणाला, अंदाजाने आणला, वहिनी, आखूड झाला तर चालत नाही.

सगळ्यांचं भलं झालं.

८ ऑगस्ट, रविवार

बागेत स्वागताचं जेवण. दोनशे पानं. लू चोंगने यजमानांच्या वतीने चमच्याने भात वाढून पितरांना हाका मारल्या. एरवी रविवारी चर्चमध्ये बसतो, पण हाका त्याला बापाच्या पाठ आहेत. झा तेंग पलीकडच्या बाकावर होता. त्याचे ओठ सारखे हलत होते. पा कूला विचारलं, चाळा आहे का हा? ती म्हणाली, नाही, त्याच हाका म्हणतायत.

जेवणानंतर ती मला 'जाऊबाई' म्हणाली. मी नीट समजावलं, की मी समितीची अध्यक्ष आहे, सगळ्या मला ब्लियाताई म्हणतात. ती म्हणाली, सासरे म्हणाले तसं म्हण म्हणून. मी म्हटलं, सासरे आजारी आहेत.

संडासाचा धडा उत्तम झाला. पा कू हसली नाही. तिला विनोदबुद्धी नाही.

१९ सप्टेंबर, रविवार

शुक्रवारी झा तेंगला घेऊन चेर पाव डॉक्टरकडे गेला होता, पगार कापून. दुभाषी म्हणून मी. डॉक्टर म्हणाला सहा आठवडे, फार तर सात. रुग्णालयात चांगली खोली आहे, दुखणार नाही, खिडकीतून नदी दिसते. मी ते सगळं आणखी गोड करून सांगितलं. म्हातारा ऐकत होता. म्हणाला, "त्या खाटेवर माझ्याआधी किती मेले असतील. सगळे अजून लिफ्टपाशीच उभे असतील, वाट न सापडून. मला घर पाहिजे, पोरी. खाट आहे माझ्याकडे."

डॉक्टरला मी सांगितलं, पेशंट विचार करून कळवतील.

५ ऑक्टोबर, मंगळवार

चेर पाव संध्याकाळी घरी आला. बूट दारात काढून मोजे पण काढले, गालिचा बघून. कारखान्याचा वास मात्र काढता येत नाही.

"वहिनी, काका म्हणतात ते तेहतीसचे."

"फॉर्मवर नऊ आहे."

"तेच मी म्हटलं. ते म्हणाले, कागद लिहिणाऱ्याचा असतो, वाट्या माझ्या आहेत."

मी म्हटलं, तुला कुणावर विश्वास ठेवायचाय ते ठरव, औषधाच्या गुंगीतल्या माणसावर की सरकारी कागदावर. तो मान खाली घालून उभा. म्हणाला, मला हो चाललं असतं. ते माझ्याकडे मरोत, माझं काय जायचंय, मला पोरं नाहीत. पण तेच नाही म्हणतात. म्हणतात, तू मला कोट दिलास, तुझ्या घरदेवांशी मी मेल्यावर भांडू? आणि मग रात्री झोपत पण नाहीत, वहिनी, की चुकून इथेच डोळे मिटतील. शहरात तेहतीसचं एक तरी खांग घर असेल की.

मी म्हटलं, मिलवॉकीत असेल. फ्रेझ्नोत तर नक्की. विचारून बघते.

लू चोंग सोफ्यावर फुटबॉल बघत होता. एवढ्यात त्याने आवाज वाढवला. कान जायला लागलेत.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

लू चोंग संत्री घेऊन एकटाच चेर पावकडे गेला. तीन तासांनी आला. मी काही विचारणार नव्हते, पण विचारलं.

"झा तेंग चांगला माणूस आहे," म्हणाला.

"काही बोलला?"

"नाही. मीच सांगायला गेलो होतो."

"मग?"

"चेर पाव पाणी घेऊन आला. मग राहिलं."

त्याचा हा स्वभावच आहे. राहू द्यायचं. एकतीस वर्षं ठरवायचं ते मीच ठरवलं, आणि त्याने कधी तक्रार केली नाही. फॉर्मवर काय लिहिलं हे मी त्याला सांगितलेलं नाही, त्यानेही विचारलेलं नाही. सुखी संसार यालाच म्हणतात.

१९ ऑक्टोबर, मंगळवार

झा तेंग चेर पावच्या गॅरेजमध्ये राहायला गेला. काठी टेकत, स्वतः. जुन्या देशात ज्याचं घर जुळत नाही त्याला अंगणात झोपडं बांधून देत, तसं. गॅरेजला ना घरदेव ना त्यांचा खांब, ते कुणाचंच नाही, असं त्याने ठरवलं. चेर पाव रडला म्हणे. मग त्याने मोटार बाहेर काढली, हिटर लावला, दाराच्या फटींना चिकटपट्ट्या मारल्या, स्वतःची गादी तिथे नेली आणि स्वतः घरात नुसत्या जमिनीवर झोपतो. दोघांची घरं अशी बदलली.

पाहुणा आणि यजमान यांच्यात इतका जिव्हाळा जमल्याचं हे समितीचं पहिलं उदाहरण आहे. अहवालात घालता येईल, गॅरेज वगळून.

दुपारी ग्रेगचा फोन. कुठल्याशा शेजाऱ्याने कळवलं होतं. म्हणाला, नियमाप्रमाणे गॅरेजमध्ये माणसाला राहता येत नाही. मी म्हटलं, राहायला नाही गेलेले.

 तो आपल्या मोंग भाषेत 'धन्यवाद' म्हणाला आणि फोन ठेवला.

२६ ऑक्टोबर, मंगळवार

अध्यक्ष म्हणून भेटायला जाणं भाग होतं. सूप नेलं. गॅरेजमध्ये तेलाचा आणि औषधाचा वास, भिंतीला टायर टांगलेले. म्हातारा आता पांघरुणाखाली फार थोडा उरला आहे. पा कू त्याचे पाय चोळत होती. चेर पाव कामावरून येऊन तसाच उकिडवा बसलेला, केसांत पीस.

मला बघून म्हातारा म्हणाला, "या, सूनबाई."

मी म्हटलं, मला ब्लिया म्हणतात. त्याने मान हलवली. श्वास जमवायला त्याला वेळ लागत होता, आणि सगळे थांबले होते, जणू मीच काही बोलणार होते.

"सूनबाई, तुमच्याकडे किती वाट्या मांडतात?"

पा कूने पाय चोळायचं थांबवलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण थांबली. अकरा दिवसांवर बोलणी. मुलाकडच्यांनी मध्यस्थ ठरवलेत, डुकराचं मांस सांगून झालं आहे, शूआने मला विचारून विचारून लग्नाच्या चांदीच्या पिनासुद्धा मोजून ठेवल्यात. माणूस असाही मरणार, तसाही मरणार. त्यात माझा काही हात नाही.

"नऊ," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मला बोलता आलं असतं. माझी दोन-चार उत्तरं तयार होती. तो म्हणाला, "मग हा चेर पाव तुमचाच झाला. एकटा आहे बिचारा. मला वाटायचं, याला कुणीच नाही. सांभाळा त्याला."

चेर पावचा चेहरा असा उजळला, की मला सूप खाली ठेवावं लागलं. "वहिनी," तो म्हणाला, "इतकी वर्षं एका शहरात, आणि मला कधी सांगितलं नाहीत."

सूप कुणी प्यायलं नाही. भांडं तिथेच राहिलं, माझं चांगलं भांडं.

६ नोव्हेंबर, शनिवार

शूआची बोलणी पार पडली. सकाळी नऊला दोन्हीकडचे मध्यस्थ बसले, छत्री भिंतीला लागली, मांडी न मोडता नऊ तास. मुलाकडच्यांनी आपली जुनी भांडणं काढली, आपण आपली काढली, सगळं रीतीप्रमाणे.

दुपारी पाऊणला फोन वाजला. लू चोंगने घेतला. 'बरं' म्हणाला, ठेवला. स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी म्हणाला, गेले. मी म्हटलं, छत्री उतरेपर्यंत कुणाला बोलायचं नाही. तो जाऊन आपल्या जागी बसला. त्यानंतर जो पेला पुढे आला तो पीत गेला, आपल्या वाटणीचे, व्याह्यांचे, ज्यांनी हात वर केले त्यांचेही. मुलाकडचे खूष. म्हणाले, सासऱ्यांनी पोरगी मोठ्या आनंदाने दिली.

सहाला छत्री उतरली. मग मी चेर पावला फोन केला आणि म्हटलं, आत्ताच कळलं.

तो म्हणाला, शेवटी थंडी वाजते म्हणत होते. कोट घातला. मापात बसला, वहिनी.

१४ नोव्हेंबर, रविवार

झा तेंगचं कार्य. हॉल दोन दिवस मिळाला, तिसरा दुसऱ्यांना दिलेला होता. ढोल, केंग म्हणजे बांबूच्या नळ्यांचा पावा वाजवणारा, सगळं चेर पावने जमवलं. समितीने कागदी बश्या दिल्या.

वाट दाखवणारा बुवा बाहेरगावचा, कडक. मेलेल्याला एकेक गाव मागे नेत जन्मगावी पोचवायचं, तर आधी त्याच्या घरचं कुणी उभं राहावं लागतं. त्याने विचारलं, याचं घर कोणतं? याच्या वाट्यांचा कोण आहे? विधवा सून चालत नाही. चेर पाव उठायला लागला, तर बुवा म्हणाला, तू नऊचा, मला माहीत आहे, बस. पा कूने नवऱ्याच्या बाजूने नावं सांगितली, सगळी मेलेल्यांची.

बुवाने तीनदा विचारलं. हॉलमध्ये दीडशे माणूस. लू चोंग माझ्या शेजारी होता, मांडीवर भाताची बशी. मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने भाताची बशी दोन्ही हातांनी धरली, ऊब घ्यावी तशी. त्या हॉलमध्ये हीटर नीट चालत नाही, मी व्यवस्थापकाला सांगणार आहे.

मग बुवाने ढोल थांबवला आणि मेलेल्याला मोठ्याने सांगितलं, इथे तुझं कुणी नाही, एकट्याने जा, वाटेत कुणी विचारलं तर अनाथ आहे म्हण. आणि पुढे गायला लागला.

पा कूच्या धाकटीने मागे वळून आमच्या रांगेकडे बघितलं. मुलींना शिस्त लावायला हवी, पुढच्या वर्गात घेते.

२१ नोव्हेंबर, रविवार

चेर पाव आला. यावेळी त्याने मोजे काढले नाहीत. हातात टर्की, मालकाने सणाची दिलेली, आणि तोंडभर 'दादा'. लू चोंगने त्याला गालिच्यावर बसवलं, जेवू घातलं. त्याने तीनदा भात घेतला. पा कू आणि मुली आता त्याच्याकडेच राहणार, मुलींना त्याने आपलं नाव लावायचं ठरवलं आहे. सांगत होता, की कारखान्यात मध्येच छातीत कळ येते, आधी भीती वाटायची, रुग्णालयात एकटा पडलो तर. "आता चिंता मिटली, दादा. मरायला आपलं घर आहे."

लू चोंग म्हणाला, हो.

तो गेल्यावर मी पानं वाढली. लू चोंग टेबलाशी बसला, घास घेतला नाही.

"त्याला खरं सांगू या," म्हणाला.

"सांगा. शूआ सासरी रुळू दे, मग सांगा. व्याही काय म्हणतील?"

"आणि माझं काय?"

"तुमचं काय?"

"बुवा विचारेल ना, याच्या वाट्यांचा कोण आहे. एकच होता शहरात. माझ्यासाठी कोण उभं राहील, ब्लिया?"

मी म्हटलं, चेर पाव उभा राहील. त्याला सवय आहे.

त्यावर तो हसला. कित्येक आठवड्यांत हसला नव्हता, आणि चांगला पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. म्हणजे पटलं असावं. जेवला मात्र नाही.